ताबा : ड्रिबलच्या शिट्टीविषयी

बास्केटबॉलमधल्या ड्रिबलच्या नियमांवर मराठीत पुस्तिका, आणि तीही बेंगळुरूत बसून, हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न पहिल्यांदा घरातूनच आला. उत्तर म्हणून मी एक वही पुढे केली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली, पावसाने दोन-तीन ठिकाणी शाई पसरलेली. सामना संपवून घरी आलो की त्या वहीत मी एकच गोष्ट लिहीत आलो आहे: आज कुठली शिट्टी वाजवायला नको होती. फाउलच्या चुका तीत आहेत, रेषेबाहेर गेलेल्या चेंडूच्याही आहेत. पण वही चाळली तर पानांमागून पानं ड्रिबलनेच भरलेली दिसतात.

पहिलीच नोंद जून महिन्यातली आहे. संध्याकाळी बेंगळुरूत पडते तशी भुरभुर सुरू होती. सिमेंटचं उघडं मैदान, दोन कॉलेजांचा सामना, चेंडू साबणासारखा निसरडा. एका मुलाने ड्रिबल थांबवला, चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि कोपऱ्यातल्या सोबत्याकडे पास द्यायला वळला. वळतानाच चेंडू हातातून निसटला, जमिनीवर आपटला, आणि त्याने झडप घालून तो पुन्हा धरला. बाकावरून आरडाओरडा झाला, ‘डबल! डबल अल्वा सार?’ मी शिट्टी वाजवली, दोन्ही तळवे आळीपाळीने खालीवर करून डबल ड्रिबलची खूण केली आणि चेंडू दुसऱ्या संघाला दिला. मुलगा काही बोलला नाही. मध्यंतरात माझ्याबरोबरचे ज्येष्ठ रेफरी पाणी पिता पिता सहज म्हणाले, ‘त्याने चेंडू टाकला, की त्याच्या हातून पडला?’

ते मराठी नव्हते, पण प्रश्न त्यांनी विचारला तसा मराठीत मनात उमटला आणि तिथेच राहिला. टाकला की पडला? सोडला की सुटला? थांबवला की थांबला? आपल्या भाषेत ही जोडी लहान मूलसुद्धा चुकवत नाही. कपबशी फुटली की ते ‘फुटली’ म्हणतं, ‘फोडली’ कधीच म्हणत नाही. इंग्रजी नियमपुस्तकाला याच फरकासाठी ‘फंबल’ नावाचं वेगळं कलम लिहावं लागलं आहे. खेळाडूच्या हातून चेंडू नकळत सुटला आणि त्याने तो परत मिळवला, तर तो फंबल. ड्रिबलच्या सुरुवातीला किंवा शेवटी झालेला फंबल हा ड्रिबल नव्हे. माझ्या त्या मुलाने ड्रिबल एकदाच केला होता. नंतर चेंडू पडला होता, त्याने पाडला नव्हता. परत धरल्यावर त्याला पास देता आला असता, बास्केटकडे फेकता आला असता. नव्याने टप्पे मारता आले नसते, आणि ते त्याने मारलेही नव्हते. चूक माझी होती.

या पुस्तिकेत पुढे जे येतं त्याचा गाभा एवढाच आहे. ड्रिबलचा नियम वाचताना आपण चेंडूकडे बघतो. नियम मात्र ताब्याकडे बघत असतो. चेंडू किती वेळा आपटला, किती उंच उडाला, केवढ्या वेड्यावाकड्या रीतीने हातात आला, याचं नियमाला फारसं सोयरसुतक नाही. ताबा कधी आला, तो ड्रिबल म्हणून कधी वापरला, कधी संपला, आणि संपल्यावर मध्ये दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाला का, एवढंच त्याला हवं असतं. नवा रेफरी बहुतेक वेळा चुकतो तो खेळ दिसायला कुरूप झाला म्हणून. कुरूप दिसणारं सगळं बेकायदा नसतं, आणि बेकायदा असतं ते पुष्कळदा फार देखणं असतं.

कबड्डी पाहत वाढलेल्या वाचकाला हा नियम समजावणं मला कधी अवघड गेलं नाही. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरतो. दम एकच. तो सुटला की त्या चढाईत पुन्हा भरून घेता येत नाही. ड्रिबल हा हातातला दम आहे. एकदा सुरू केला की हवा तेवढा चालवा, हव्या त्या दिशेला न्या. पण एकदा तोडलात की त्याच ताब्यात दुसरा दम नाही. १९०८ साली अमेरिकी नियमांत ड्रिबलची व्याख्या झाली तीही चेंडूचा सलग, अखंड प्रवास अशीच होती, आणि त्या एका ‘अखंड’मुळेच डबल ड्रिबल बेकायदा ठरला. व्याख्या लिहिणाऱ्यांनी कबड्डी पाहिली असण्याची शक्यता नाही, पण कबड्डीचा पंच ती व्याख्या वाचून लगेच मान हलवील.

ड्रिबल हा खेळाच्या मूळ आराखड्यातच नव्हता, हे अनेक खेळाडूंना सांगितलं तरी खरं वाटत नाही. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत हा खेळ मांडला, तेव्हा तेरा नियम लिहिले. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा, हा त्यांतला एक कडक नियम. वेगात धावताना पकडणाऱ्याला थांबण्यापुरती सवलत. मग कोंडीत सापडलेल्या खेळाडूने काय करावं? त्याने चेंडू स्वतःच्याच पुढ्यात जमिनीवर टाकला आणि पुढे जाऊन स्वतःच उचलला. स्वतःलाच दिलेला पास! नियमाचं अक्षर पाळलं गेलं आणि पळताही आलं. या युक्तीचा संघ म्हणून वापर करण्याचं श्रेय बहुधा येल विद्यापीठाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या संघाला देतात. म्हणजे ज्याला आज आपण बास्केटबॉलचा प्राण म्हणतो ती मुळात एक पळवाट होती. समित्यांना ती बराच काळ खुपत राहिली. काही वर्षं ड्रिबल करणाऱ्याला बास्केटवर चेंडू फेकायचीच मनाई होती. १९२७ साली तर अमेरिकेतल्या नियमसमितीने ड्रिबल एका टप्प्यावर आणायचं ठरवलं होतं; प्रशिक्षकांकडून विरोध झाला आणि ठराव मागे गेला. तो टिकला असता तर ही पुस्तिका दोन पानांत आटोपली असती.

हा इतिहास मी हौसेखातर सांगत नाही. आजचा नियम असा तुकड्यातुकड्यांचा का दिसतो, ते त्यातून कळतं. पळवाट कायदेशीर केली, की पळवाटेच्या पळवाटा बुजवत बसावं लागतं. म्हणून नियमात ‘हा ड्रिबल आहे’ यापेक्षा ‘हा ड्रिबल नाही’ ची यादी लांब आहे. लागोपाठ बास्केटवर केलेले प्रयत्न ड्रिबल नाहीत. घोळक्यातून चेंडू थापटून स्वतःकडे ओढायचा प्रयत्न ड्रिबल नाही. दुसऱ्याच्या ताब्यातला चेंडू थापटून काढणं ड्रिबल नाही, कोणाचा पास अडवून तो मिळवणंही नाही. या हातातून त्या हातात चेंडू झेलला आणि तो जमिनीला न लागता हातात विसावला, तर तोही नाही. फक्त पाय चुकता कामा नयेत. या साऱ्यांत ताबा अजून आलेला नसतो, किंवा आलेला ताबा टप्प्यासाठी वापरलेला नसतो.

दोन हातांचा प्रश्न मला दर मोसमात निदान दहा वेळा विचारला जातो. खेळाडूने दोन्ही हातांनी चेंडू जमिनीवर दाबून ड्रिबल सुरू केला, तर चालतं का? चालतं. सुरुवात दोन्ही हातांनी करायला बंदी नाही. त्याच खेळाडूने ड्रिबल चालू असताना दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लावले, तर मात्र त्या क्षणी ड्रिबल संपला, चेंडू धरला नसला तरी. त्यानंतरचा टप्पा हा दुसरा ड्रिबल. इथे ‘एकाच वेळी’ हे शब्द सोन्याच्या काट्यावर तोलायचे. डावा हात लागला, मग उजवा लागला, हे एकाच वेळी नव्हे. शंका असेल तर शिट्टी तोंडातच राहू द्यावी, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही.

दुसऱ्या ड्रिबलची परवानगी कधी मिळते, हेही ताब्यावरच ठरतं. बास्केटकडे चेंडू फेकला, प्रतिस्पर्ध्याचा चेंडूला स्पर्श झाला, किंवा पास म्हणा, फंबल म्हणा, दुसऱ्या खेळाडूला लागला, की पहिला ताबा गेला आणि पुन्हा मिळाल्यावर हिशेब नव्याने सुरू. इथे टीव्हीवर अमेरिकी एनबीए पाहून शिकलेल्या मुलांची फसगत होते. तिथे बास्केटकडे फेकलेला चेंडू रिंगला, फळीला किंवा दुसऱ्या खेळाडूला न लागता खाली आला, तर फेकणाऱ्याने त्याला पहिला हात लावायचा नाही. आपण खेळतो त्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत तो प्रयत्न खरोखर बास्केटसाठीच होता असं रेफरीला वाटलं, तर फेकणाऱ्यानेच तो झेलला तरी चालतो. रेफरीने इथे खेळाडूचा हेतू वाचायचा असतो. हेतू वाचणं हे न्यायाधीशालाही जड जातं. आपल्याला त्यासाठी अर्धा सेकंद मिळतो.

आता ‘कॅरी’. या एका शब्दावर मी सर्वांत लांब प्रकरण लिहिलं आहे, कारण बेंगळुरूच्या मैदानांवर सर्वाधिक हुज्जत याचीच होते. नियमाची भाषा सांगते की खेळाडूने चेंडू एका किंवा दोन्ही हातांत विसावू दिला की ड्रिबल संपतो. विसावू दिला! इथेही क्रियापदातच सगळं आहे. हात चेंडूच्या बाजूला गेला म्हणून कॅरी होत नाही. तळवा थोडा खाली सरकला म्हणूनही होत नाही. चेंडू खांद्याच्या वर उडाला म्हणून कॅरी, हा तर निव्वळ गैरसमज आहे. ड्रिबलच्या उंचीला नियमात मर्यादाच नाही. बघायचं ते एवढंच की चेंडू हाताबरोबर वाहत गेला का, त्याची स्वतःची चाल क्षणभर थांबली का, आणि थांबून पुन्हा टप्पा पडला का. तसं झालं तर अर्धा तळवा फिरवून कॅरीची खूण करावी. पण बचाव करणाऱ्याचे पाय एका झटक्यात गुंतले, तो घसरून पडला, प्रेक्षकांतून ‘ओऽऽ’ निघाला, म्हणून शिट्टी वाजवू नये. फसलेला बचाव हा पुरावा नव्हे.

आणि याची दुसरी बाजू. १९९७ च्या मार्चमध्ये ॲलन आयव्हर्सनने मायकेल जॉर्डनला फसवलेला तो क्रॉसओव्हर आज प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. तो पाहून शिकलेली मुलं मैदानात येतात आणि त्यांच्या हातात चेंडू खरोखरच विसावतो, अगदी माहेरी आल्यासारखा. लहान गटाच्या सामन्यांत आपण ते सोडून देतो, मुलं आहेत म्हणून. मग तीच मुलं राज्य पातळीवर गेल्यावर पहिल्याच सामन्यात तीन वेळा कॅरी देतात आणि घरी येऊन रेफरीच्या नावाने बोटं मोडतात. त्या पापात आपला वाटा आहे.

पायांचा नियम ट्रॅव्हलिंगच्या कलमात येतो, ड्रिबलच्या नव्हे. पण मैदानावर दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले असतात की मला तो टाळता आला नाही. उभ्या उभ्या चेंडू हातात असेल तर ड्रिबल सुरू करताना पिव्हटचा पाय उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. हे सोपं आहे, निदान कागदावर. धावत्या खेळाडूचं अवघड. फिबाने १ ऑक्टोबर २०१७ पासून नियम बदलला. धावताना चेंडू पकडणाऱ्याला किंवा ड्रिबल संपवणाऱ्याला थांबायला, पास द्यायला किंवा बास्केटकडे फेकायला दोन पावलं मिळतात, आणि पहिलं पाऊल म्हणजे ताबा आल्यानंतर जमिनीला लागलेलं पाऊल. ताबा येतानाच जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही. मुलं त्याला ‘झीरो स्टेप’ म्हणतात. पास घेऊन लगेच ड्रिबल करायचा असेल तर दुसऱ्या पावलापूर्वी चेंडू हातातून गेला पाहिजे. ड्रिबल संपवल्यावर मात्र एकाच पायाने लागोपाठ दोनदा जमिनीला टेकायचं नाही. लंगडी घातल्यासारखी उडी मारलीत की ट्रॅव्हल.

या बदलाची आठवण मला कॅलेंडरपेक्षा शहरावरून राहते. २०१७ च्या जुलैमध्ये कांतीरव्याच्या इनडोअर स्टेडियममध्ये महिलांचा आशिया कप झाला. भारताच्या मुलींनी ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुणांचा सामना! एक पाऊल कमी-जास्त मोजलं असतं तर निकाल फिरला असता, असं तेव्हा प्रत्येक रेफरीच्या मनात आलं असणार. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस १६ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धाही याच शहरात झाली, पण तोवर पावलांचा हिशेब बदलला होता. एकच शहर, तीन महिन्यांचं अंतर, आणि जुलैत ज्या चालीवर शिट्टी वाजली असती ती ऑक्टोबरमध्ये कायदेशीर. आम्हा स्थानिक रेफरींना हा बदल अंगवळणी पडायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. माझ्या वहीत त्या हिवाळ्याची पानं सर्वांत काळी आहेत.

एक गोष्ट मात्र जाता जाता ठळक करतो, कारण ती खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि पालकांना सारखीच ठाऊक नसते. ड्रिबल चालू असताना चेंडू हाताला लागलेला नसेल तेव्हा पावलांना मर्यादाच नाही. चेंडू लांब पुढे ढकलून खेळाडू पाच पावलं पळाला तरी काही बिघडत नाही. गॅलरीतून ‘ट्रॅव्हल, ट्रॅव्हल’ असं ओरडणाऱ्या काकांना हे एकदा कोणीतरी सांगायला हवं.

हे सगळं पाठ असूनही मैदानावर दिसत नाही, याचं कारण बहुतेकदा डोळे नसून उभं राहायची जागा असते. दोन शरीरांच्या मधली फट जिथून दिसत नाही तिथून दिलेला निर्णय हा अंदाज असतो. कॅरी बाजूने दिसतो, समोरून क्वचितच. पास येत असेल तर चेंडू हातात पडण्याच्या क्षणी नजर पायांवर हवी; नंतर खाली पाहिलं तर पिव्हट कुठला, हे कधीच कळत नाही. स्थानिक सामन्यांत आपण दोघेच असतो, तिसरा रेफरी मोठ्या स्पर्धांनाच मिळतो, म्हणून दोघांनी आधी बोलून ठेवावं. एमईजी, एएससी यांसारख्या लष्करी संघांविरुद्धचे सामने सांभाळताना मला हे कळलं. ती माणसं इतक्या वेगात पण इतक्या शिस्तीत खेळतात की चूक दिसली तर बहुधा ती माझ्या जागेची असते.

मराठी का, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं दिलं होतं, उरलेलं देतो. बेळगाव, निपाणी, हुबळीकडून, तशीच सांगली-कोल्हापूरकडून शिकायला आणि नोकरीला इथे येणारी मुलं खेळतात. त्यांतली काही गुडघे दुखायला लागले की शिट्टी हातात घेतात. नियमपुस्तक त्यांना इंग्रजीत मिळतं, मैदानावरचा वाद कानडी-हिंदीत होतो आणि मनातला निर्णय मराठीत होतो. तो निर्णय नीट व्हावा म्हणून नियमही एकदा मराठीत विचार करून पाहावा, एवढीच इच्छा. पारिभाषिक शब्द मी मुद्दाम बनवले नाहीत. ड्रिबल, पिव्हट, फंबल, पास हे मैदानावरचेच शब्द ठेवले आहेत. ‘घसरचेंडू’, ‘अक्षपाद’ असले शब्द सुचवणारे स्नेही मला माफ करतील. मुलींनी विशेषतः ही पुस्तिका वाचावी. महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके यांनी फिबाचा आंतरराष्ट्रीय रेफरीचा परवाना मिळवून दाखवला आहे. बेंगळुरूच्या आमच्या स्थानिक सामन्यांत मात्र अजून शिट्टी घेतलेली मुलगी विरळाच दिसते.

फिबा आपला नियम वरचेवर दुरुस्त करते, खुलाशांचं स्वतंत्र पुस्तकही काढते. माझ्या पुस्तिकेत आणि त्यात फरक आढळला तर त्यांचं धरा, माझं खोडा. शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत. ती तुमच्या चुकलेल्या शिट्ट्यांसाठी आहेत. सामना संपला की त्याच रात्री लिहा, आणि तारीख घालायला विसरू नका.